टॉवर नसलेल्या विमानतळावर विमानं एकमेकांवर आपटत कशी नाहीत? (मुलगी तिकडे शिकतेय, झोप उडालीय)

कासारवडवलीची_आई:
नमस्कार मंडळी. प्रश्न कदाचित बावळट वाटेल पण चार दिवस डोळ्याला डोळा नाही म्हणून विचारते. मुलगी टेक्सासला पायलटच्या ट्रेनिंगला गेलीये, पाच महिने झाले, पहिलं सोलो (एकटीने विमान उडवणं) पण झालं, सोसायटीत पेढे वाटून झाले. परवा व्हिडिओ कॉलवर सहज म्हटलं, अगं तुला उतरायची परवानगी कोण देतं, तर म्हणते कोणीच नाही. मला वाटलं चेष्टा करतेय. तर नाही, तिथे टॉवरच नाहीये, म्हणजे विमानांना रेडिओवर सूचना देणारं कोणी नाही. एक रनवे, एक पत्र्याची शेड, पेट्रोलचा एक पंप आणि चिप्सचं मशीन, बस. रेडिओवर जो तो आपण कुठे आहोत ते सांगतो आणि उतरतो, ऐकणारा ऑफिसर वगैरे कोणी नाही, म्हणे आम्हीच एकमेकांचं ऐकतो.

ह्यांचं म्हणणं की विमानं कमी असतील गं तिथे. पण तीच म्हणाली की शनिवारी सकाळी एकावेळी पाच-सहा फिरत असतात, त्यातली निम्मी शिकाऊ. आपल्याकडे रेल्वेच्या फाटकाला पण माणूस असतो हो. हे कायद्याने चालतं का, आणि एखाद्याचा रेडिओ बंद पडला तर काय, आणि मुख्य म्हणजे मी तिला नेमकं काय विचारू की जेणेकरून मला कळेल की तिला हे नीट शिकवलंय? "काळजी घे" म्हटलं की "हो गं आई" एवढंच येतं.

ऐरोलीचा_कोडर:
ताई, तीन हात नाक्याचा सिग्नल बंद पडतो तेव्हा काय होतं? गाड्या जातातच ना, उलट कधीकधी बऱ्या जातात.

कासारवडवलीची_आई:
हा विनोद आत्ता नको. आणि नाक्यावर ब्रेक मारता येतो.

नौपाड्याचे_आजोबा:
ताई, ब्रेकचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात बरोबर पकडलात, सगळी गोम तिथेच आहे. विमान थांबवून "आधी तुम्ही जा" करता येत नाही.

मी ऐंशीच्या दशकात जुहूला शिकलो. तिथे टॉवर होता, त्यामुळे कोणीतरी सांगेल मग करू ही आयती सवय लागलेली. नंतर काही वर्षं अमेरिकेत इन्स्ट्रक्टर होतो, आता नातवंडं सांभाळतो. तिकडे पहिल्यांदा टॉवर नसलेल्या ठिकाणी गेलो तेव्हा माझीही तुमच्यासारखीच अवस्था झाली होती, रेडिओवर बोललो आणि उत्तराची वाट बघत बसलो. उत्तर कोण देणार?

कायद्याचं म्हणाल तर पूर्ण कायदेशीर आहे. अमेरिकेत सगळ्यांना खुले विमानतळ पाच हजारांच्या आसपास आहेत आणि टॉवर असलेले त्यातले जेमतेम पाचशेच्या थोडे वर. म्हणजे टॉवर हाच तिथे अपवाद आहे. आपल्याकडेही शिकाऊ विमानांच्या काही पट्ट्यांवर कायमचा एटीसी (विमानांना सूचना देणारा कंट्रोलर) नसतो.

आता आपटत का नाहीत ते. घरात जेवायचा पाट असेल तर समोर ठेवा (ताट नको, ताट गोल असतं). पाटाची तुमच्याकडची लांब बाजू म्हणजे रनवे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, पुढे जाऊन डावीकडे वळतं, परत डावीकडे वळून रनवेला समांतर पण उलट्या दिशेने येतं, ह्याला डाउनविंड म्हणतात. ही बाजू जमिनीपासून साधारण १००० फुटांवर. रनवेचं टोक मागे पडलं की उतरायला लागायचं, डावीकडे वळायचं, तो बेस, परत डावीकडे वळलं की समोर रनवे, ती फायनल. चार वळणं आणि चारही डावी. काही ठिकाणी डोंगर किंवा वस्ती असेल तर उजवी असतात, ते नकाशावर छापलेलं असतं. डावी का, तर पायलट डाव्या सीटवर बसतो, रनवे त्याच्या खिडकीत राहतो. आम्ही ह्याला सर्किट म्हणायचो, तिकडे पॅटर्न म्हणतात. बाहेरून येणाऱ्याने सुद्धा कुठूनही घुसायचं नाही, साधारणपणे डाउनविंडच्या मध्यावर ४५ अंशात तिरकं यायचं.

टॉवरचं अर्धं काम हा पाटच करतो. मला माहीत असतं की दुसरा असला तर ह्या चार बाजूंपैकी एकीवर असणार, त्यामुळे अख्खं आकाश धुंडाळत बसावं लागत नाही. वाशीच्या शिवाजी चौकात सर्कलला सगळे एकाच दिशेने फिरतात म्हणून निभतं, एकजण जरी उलटा घुसला की संपलं, तसंच.

आणि रेडिओ. दहा मैलांवरून पहिला कॉल, मग सर्किटमध्ये शिरताना, मग प्रत्येक बाजूला वळताना, आणि उतरून रनवे मोकळा केला की एक. कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे विमानतळाचं नाव घ्यायचं. लोकांना वाटतं ही उगाच पोपटपंची, पण कारण असं की १२२.८ सारखी एकच फ्रिक्वेन्सी आजूबाजूचे कितीतरी छोटे विमानतळ वापरतात. हवा स्वच्छ असली की लांबच्या गावचा माणूस सुद्धा कानात येऊन "फायनल, वन सेव्हन" (म्हणजे रनवे नंबर १७) म्हणतो आणि तुम्ही मान मोडेपर्यंत इथल्या फायनलवर त्याला शोधत बसता. नाव सुरुवातीला हुकलं तर शेवटी ऐकू येतं.

रेडिओ बंद असेल तर? इथे मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. टॉवर नसलेल्या बहुतेक ठिकाणी अमेरिकेत रेडिओ असायलाच हवा असा नियम नाही. जुनी विमानं असतात ज्यांना बॅटरी-जनरेटरच नाही, पंखा हाताने फिरवून चालू करतात. तीही त्याच पाटावर येतात, न बोलता.

कासारवडवलीची_आई:
काका, तुम्ही मला धीर देताय की उरलीसुरली झोप घालवताय?

नौपाड्याचे_आजोबा:
दोन्ही. कारण रेडिओवर भरवसा ठेवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत आणि तुमची मुलगी त्यातली होऊ नये असं मला वाटतं. एक गोष्ट सांगतो, तिकडे इन्स्ट्रक्टर लोक विद्यार्थ्यांना सांगतातच.

इलिनॉय राज्यात क्विन्सी म्हणून गाव आहे, तिथल्या विमानतळाला टॉवर नाही. १९ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. बीचक्राफ्ट १९०० हे प्रवासी विमान, आत बारा माणसं, रनवे १३ वर उतरायला येत होतं. त्या रनवेला आडवा छेदणारा दुसरा रनवे, त्याच्या टोकाला किंग एअर नावाचं एक विमान उड्डाणासाठी उभं आणि त्याच्या मागे एक छोटं चेरोकी. प्रवासी विमानातल्या लोकांना किंग एअर दिसलं होतं, त्यांनी रीतसर रेडिओवर विचारलं की तुम्ही थांबताय ना. किंग एअरने उत्तर दिलंच नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने, की मी थांबलोय म्हणून, आणि त्याच्या बोलण्यातला पुढचा भाग प्रवासी विमानाच्या स्वतःच्याच कॉकपिटमधल्या उंची सांगणाऱ्या आपोआप आवाजाखाली बुडाला. ह्यांना वाटलं किंग एअर थांबलंय. ते उतरले, किंग एअर निघालं, जिथे दोन रनवे एकमेकांना छेदतात तिथे धडकले. चौदा माणसं गेली. प्रवासी विमानातली माणसं धडकेत वाचली असती हो, पण दार अडकलं आणि आग लागली.

बघा, प्रश्न विचारला गेला, उत्तर आलं, आणि उत्तर भलत्याच माणसाचं होतं. म्हणून मी मुलांना सांगायचो की कानाने ऐकलेलं विमान डोळ्याला दिसेपर्यंत ते ऐकलंच नाही असं समजा.

जाता जाता, क्विन्सीच्या बरोबर एक आठवडा आधी, १२ नोव्हेंबर १९९६ ला, आपल्याकडे चरखी दादरीला सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन हवेत धडकलं होतं, ३४९ माणसं. ती दोन्ही विमानं दिल्लीच्या एटीसीशी बोलत होती. तेव्हा टॉवर असला म्हणजे सुटलो असंही नाही. छोट्या विमानांच्या बाबतीत तर टॉवर असलेल्या विमानतळावर सुद्धा टॉवरवाला नंबर लावून देतो, तुझ्या पुढे अमुक आहे म्हणून सांगतो, पण नजर ठेवायची जबाबदारी पायलटचीच राहते.

खारघरचा_एफओ:
आजोबांना नमस्कार. मी सध्या एअरलाइनमध्ये को-पायलट आहे, शिकलो टेक्सासलाच. आता घराजवळच विमानतळ आलाय, २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईतून विमानं सुरू झाली, आणि तिथे काय, कंट्रोलर सांगतो तसं वळायचं, पार्किंग पण सांगून. त्यामुळे ते जुने दिवस आता स्वप्नातले वाटतात, पण एक सकाळ अजून विसरलो नाही.

सोलो होतो, सेसना १७२. गावाचं नाव नको. वारा शून्य, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) ओल्या मोज्यासारखा लोंबत होता. वारा नसला की रनवेची दोन्ही टोकं सारखीच, कोण कुठून उतरेल सांगता येत नाही, हे मला पुस्तकात माहीत होतं. मी रनवे १७ च्या डाउनविंडवर. कानात आलं, कोणीतरी म्हणतोय, फायनल वन सेव्हन. मी १७ च्या फायनलकडे बघतोय, कोणी नाही. परत बघतोय, आकाश रिकामं. मनात म्हटलं लांब असेल अजून, किंवा दुसऱ्या गावचा असेल. बेसला वळलो, फायनलला वळलो, खाली चाललोय, आणि रनवेच्या पलीकडच्या टोकावर झाडांच्या वर एक दिवा दिसला. लँडिंग लाइट. सरळ माझ्याकडे तोंड करून. तो माणूस ३५ वर उतरत होता आणि तोंडाने १७ म्हणत होता! ३५ आणि १७ म्हणजे एकाच रनवेची दोन टोकं. त्याने कंपास उलटा वाचला होता किंवा सवयीने बोलला होता, देव जाणे.

मी पॉवर दिली, गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर, रनवेच्या उजव्या अंगाला सरकलो म्हणजे तो माझ्या डाव्या खिडकीत राहील, रेडिओवर बोललो. तो उतरला, जमिनीवरून विमान चालवत बाजूला गेला, नंतर शेडमध्ये येऊन सॉरी म्हणाला आणि मला मशीनमधलं कोक पाजलं. बस, एवढंच. पण त्या दिवशी घरी फोन केला तेव्हा आईला हे सांगितलं नाही, आज पण सांगितलेलं नाही, ती हे वाचत नसेल अशी आशा.

चूक माझी पण होती. ऐकलेलं विमान दिसत नाहीये हे कळूनही मी पुढे वळलो. तेव्हाच डाउनविंड लांबवायला हवा होता किंवा बाहेर पडून परत यायला हवं होतं. इन्स्ट्रक्टर ओरडला नाही, फक्त म्हणाला की तुला पेट्रोल वाचवायचं होतं का.

ऐरोलीचा_कोडर:
आता सिरियसली विचारतो. हे २०व्या शतकातले उपाय झाले, डोळे आणि रेडिओ. आमच्या मोबाईलवर डिलिव्हरी बॉय कुठल्या गल्लीत आहे ते दिसतं, मग विमानात एक जीपीएसचं खोकं बसवून सगळ्यांना सगळे का दाखवत नाहीत? एवढी कसली अडचण?

खारघरचा_एफओ:
बसवलंय की. एडीएस-बी म्हणतात. विमान दर सेकंदाला स्वतःची जागा, उंची, वेग ओरडून सांगतं, आणि दुसऱ्याकडे घ्यायची सोय असेल तर आयपॅडवर दिसतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपास आणि वरच्या हवेत ते सक्तीचं केलंय. पण ताईंच्या मुलीसारख्या लांबच्या छोट्या पट्टीवर सक्ती नाही, आणि बॅटरीच नसलेल्या विमानांना तर सूटच आहे. शिवाय सांगणारं यंत्र असणं वेगळं आणि ऐकणारं असणं वेगळं. म्हणजे स्क्रीनवर कोणी नाही ह्याचा अर्थ कोणी नाही असा होत नाही. आणि सगळ्यात वाईट, पोरं खाली स्क्रीनकडे बघत बसतात. सर्किटमध्ये मान खाली म्हणजे घोडबंदरला बाईक चालवताना रील बघण्यासारखं आहे.

मोठ्या विमानात टीकॅस म्हणजे धडक टाळायचं यंत्र असतं, ते थेट "क्लाइम्ब", "डिसेंड" सांगतं. तुमच्या डोक्यात ते असेल. पण तेसुद्धा जमिनीपासून साधारण १००० फुटांखाली आदेश देणं बंद करतं, कारण एवढ्या खाली "उतर" म्हणून सांगितलं तर जमिनीत घालशील. आणि सर्किट कुठल्या उंचीवर असतं, आजोबांनी वर लिहिलंय. म्हणजे जिथे गर्दी सगळ्यात जास्त तिथेच ते गप्प.

आणि फक्त जुन्या काळातलं नाही. कॅलिफोर्नियात वॉटसनविल, १८ ऑगस्ट २०२२. टॉवर नाही. एक सेसना १५२, छोटंसं, एकटा पायलट, सर्किटमध्ये. दुसरं सेसना ३४०, दोन इंजिनांचं, सरळ लांबून फायनलवर येत होतं, सर्किट न करता. दोघांचे रेडिओ चालू, दोघे कॉल देत होते. पण ३४० जवळजवळ १८० नॉट्सने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आलं, त्या ठिकाणी त्याने त्याच्या निम्म्याच्या आसपास असायला हवं होतं. १५२ वाल्याला वाटलं अजून लांब आहे, तो आधी वळला. नंतर त्याला कळलं की हा भलताच वेगात येतोय, तो गो-अराउंड म्हणाला पण तोवर उशीर झाला होता. तीन माणसं गेली. चौकशीत मुख्य ठपका आला ३४० च्या पायलटवर, समोरचं विमान बघून टाळलं नाही म्हणून.

माझ्या मते तिथे खरी गोष्ट मैलांची आहे. "तीन मैलांवर आहे" ऐकलं की शिकाऊ पोरगा स्वतःच्या विमानाच्या वेगाने हिशोब करतो. स्वतःला तीन मैल जायला दोन मिनिटं लागतात म्हणजे समोरच्यालाही लागतील. समोरचा एका मिनिटात येतो.

ऐरोलीचा_कोडर:
ओके, हे माहीत नव्हतं. माघार.

दिवाळे_तांडेल:
मी विमानातला नाही, मासेमारीतला. बेलापूरला दिवाळे कोळीवाडा, बापापासून बोट. पण वाचतोय ते सगळं ओळखीचं वाटतंय म्हणून लिहितो, चुकलं तर सांगा.

खाडीतून बाहेर पडल्यावर आमच्याकडे पण टॉवर नाय. पोर्टवाले मोठ्या जहाजांशी बोलतात, आमच्याशी कोण बोलतंय. माझ्या बापाने मला बारा-तेरा वर्षांचा असताना एकच शिकवलं. दुसरी बोट दिसली की तिला आपल्या बोटीच्या कुठल्यातरी खांबाच्या रेषेत धर आणि बघत राहा. खांबाच्या पुढे सरकली तर ती पुढून जाणार, मागे सरकली तर मागून जाणार. आणि सरकलीच नाय, जागच्या जागी राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर ती तुझ्यावर येतेय, सुकाणू फिरव. लोकांना उलटं वाटतं, जी पळताना दिसते तिची भीती वाटते. पळणारी जाते निघून. थांबलेली दिसते ती मारते.

आणि रात्री दिवे. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. समोरच्याचा हिरवा आपल्या डाव्या हाताला आणि लाल उजव्या हाताला दिसला की समजायचं तोंडावर आलाय, दोघांनी आपापल्या उजवीकडे व्हायचं. आडवी येणारी आपल्या उजव्या बाजूने आली तर आपण तिला वाट द्यायची. विमानाला पण असेच लाल-हिरवे दिवे असतात ना? मी रात्री बघतो वर.

नौपाड्याचे_आजोबा:
तांडेल दादा, पायलटला ह्यापेक्षा वेगळं काही शिकवत नाहीत. दिवे तेच, डावा लाल उजवा हिरवा. समोरासमोर आले की दोघांनी उजवीकडे, उजवीकडून आडवा येणाऱ्याला वाट, सगळं तेच. फक्त उतरणाऱ्याचा मान पहिला आणि दोघं उतरत असतील तर खाली असलेल्याचा. पण खाली आहे म्हणून पुढे जाऊन घुसायचं नाही हेही त्याच नियमात लिहिलंय.

आणि खांबाची गोष्ट. आमच्याकडे खांब म्हणजे काचेची चौकट. अंगावर येणारं विमान काचेवर एका जागी ठिपक्यासारखं बसतं, हलत नाही. ठाण्यात राहणाऱ्याला डास काचेवर चिरडल्यावर कसा दिसतो ते वेगळं सांगायला नको, हुबेहूब तसंच. मी मुलांना उड्डाणाआधी फडक्याने काच पुसायला लावायचो तेव्हा ती वैतागायची. अरे बाबा, काचेवर एक डास राहिला की त्याच्याआड अख्खं विमान लपतं.

ताई, तुमच्यासाठी हिशोब करून दाखवतो. अमेरिकेच्या विमान खात्याचा एक जुना आकडा आहे, समोरचं विमान दिसल्यापासून ते ओळखणं, धडकणार हे कळणं, ठरवणं, हात हलवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, सगळं धरून साडेबारा सेकंद. दोन छोटी विमानं ९०-९० नॉट्सने तोंडावर आली तर साडेबारा सेकंदात मिळून साधारण ११५० मीटर अंतर संपतं. म्हणजे तेवढ्या लांबून दिसायलाच हवं. सेसनाचे दोन्ही पंख मिळून ११ मीटर. ११५० मीटरवरून ते हात लांब करून धरलेल्या पट्टीवर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास भरतात, आणि समोरून धड बघाल तर मोहरीहून बारीक. मोहरीहून बारीक, आणि हलत नाही. म्हणून नजर भिरभिर फिरवून उपयोग नाही. आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करायचे, प्रत्येकावर निदान एक सेकंद नजर थांबवायची. फिरत्या नजरेला हे दिसतच नाही.

विमानाला आंधळ्या जागा पण असतात. सेसना १५२, १७२ चे पंख डोक्यावर, त्यामुळे वरचं दिसत नाही, आणि वळताना ज्या बाजूला वळतोय तीच बाजू पंखाने झाकली जाते. म्हणून वळायच्या आधी त्या बाजूचा पंख जरा वर उचलून खाली डोकावायचं आणि मग वळायचं. पायपर वगैरेंचे पंख खाली, त्यांना खालचं दिसत नाही. आता विचार करा, फायनलवर खाली सेसना आणि वर पायपर, दोघेही उतरतायत. एक वर बघू शकत नाही, दुसरा खाली. तेवढ्या एका जागेसाठी मी रेडिओला मनापासून हात जोडतो, बाकी वेळी कितीही नावं ठेवली तरी.

खारघरचा_एफओ:
पंख उचलण्याचं बघून हसू आलं, माझा इन्स्ट्रक्टर त्यासाठी पेन्सिलने खांद्यावर टोचायचा.

एक अजून भर घालतो. काही लोक दहा मैलांवर येऊन विचारतात "कोणी ट्रॅफिक असेल तर सांगा". तिकडच्या पुस्तकात हे म्हणू नका असं लिहिलंय. कारण सगळे एकदम उत्तर देतात, एकमेकांवर बोलतात, नुसती शिट्टी ऐकू येते. त्यापेक्षा आधीपासून गुपचूप ऐकायचं, चित्र डोक्यात तयार होतं.

आणि ताई, एक गंमत, मुलीला विचारा. रात्री अशा बऱ्याच विमानतळांवर रनवेचे दिवे बंद असतात आणि पायलट रेडिओचं बटण टकटक दाबून लावतो. सात वेळा दाबलं की पूर्ण उजेड, पाच वेळा मध्यम, तीन वेळा मंद. पंधरा मिनिटांनी आपोआप जातात. पहिल्यांदा मी केलं तेव्हा अंधारातून अख्खा रनवे उगवला, दिवाळीला माळ लावल्यासारखा. टॉवर नसण्यातलं सुख म्हणजे ते.

नौपाड्याचे_आजोबा:
ताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला, मुलीला काय विचारायचं. "काळजी घेतेस का" हा प्रश्न नाही. असं विचारा की रेडिओवर ऐकलंय पण दिसत नाहीये, तेव्हा तू काय करतेस. उत्तर काय येतं ते इथे लिहा, मग मी सांगतो तुम्ही झोपायचं की नाही.

कासारवडवलीची_आई:
आत्ता तिच्याशी बोलून झालं, तिकडे सकाळ होती, ती शेडमध्ये काच पुसत होती (!!). मी आजोबांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आधी म्हणाली आई तुला हे कोणी शिकवलं. मग म्हणाली, नाही दिसलं तर मी वळतच नाही, डाउनविंडवर पुढे जात राहते आणि त्याला नाव घेऊन विचारते नेमका कुठल्या बाजूला आहेस, तरी नाही दिसला तर बाहेर पडते, लांब जाऊन परत ४५ मध्ये येते. मागच्या आठवड्यात तीनदा बाहेर पडले एका सकाळी. मी म्हटलं तीनदा? तर म्हणे हो, तासाचे पैसे बाबा देतात.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पंख उचलण्याचं पण विचारलं, तर म्हणाली ते करते पण कधीकधी विसरते. ते मात्र मी धरून ठेवलंय, दर रविवारी विचारणार. आणि आमच्याकडे पाट नव्हता, पोळपाट गोल निघाला, शेवटी शेजारच्या काकूंकडून चौरंग आणून ह्यांना समजावून दिलं.

नौपाड्याचे_आजोबा:
झोपा.

दिवाळे_तांडेल:
पोरगी सुट्टीवर आली की संध्याकाळच्या भरतीला जेट्टीवर घेऊन या. लाल-हिरवा समोरून कसा दिसतो ते बोटीवरून दाखवतो. कोडर भाऊ तुम्ही पण या, मोबाईल घरी ठेवून.